तिसरं डोकं आणि साठ दिवस

तीन माणसं रोज पाऊण तास एका गाडीत कोंडली, की किस्से आपोआप साठत जातात. मुद्दाम काही करावं लागत नाही. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, एकमेकांकडे बघायचा प्रश्नच नाही, त्यामुळे घरी जे बोलवत नाही ते गाडीत बोललं जातं. माझ्या मिनीव्हॅननं इतकं ऐकलंय, की तिला विकायची माझी हिंमत होत नाही!

आम्ही व्हर्जिनियात हर्नडनला राहतो आणि नोकरीला वॉशिंग्टनला जातो. गाडी माझी, नियम माझे, आरडाओरडाही माझाच. माझ्या शेजारी नितीन. नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टर, मला ताई म्हणतो. घरी बायको आणि अकरावीतली मुलगी रिया, आणि तिघांचा मुक्काम त्याच्या एकट्याच्या व्हिसावर.

आमचा तिसरा मेंबर टेक्ससला निघून गेला आणि पंचाईत झाली. आमच्या हायवेवर गाडीत तीन जण असले तर टोल लागत नाही, दोघंच असलात तर बोर्डावरचा आकडा वाचून भोवळ येते. हे रडगाणं ऐकून वामनकाका म्हणाले, "रेखा, मग मी येतो की! मला डोकं आहे."

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर. हर्नडनमध्ये पन्नास वर्षं काढलेली, काकू गेल्यापासून एकटे. सकाळी आमच्याबरोबर वॉशिंग्टनला यायचे, एक कॉफी प्यायचे आणि मेट्रोनं परत जायचे. काम काही नाही. मोजायला तिसरं डोकं, बस!

*

दुसऱ्याच आठवड्यात मागे पोलिसाचे दिवे लागले. मी गाडी कडेला घेतली. पोलीस खिडकीशी येऊन म्हणाला, "आय सी टू पीपल."

"देअर इज वन मोअर," मी मागे बोट दाखवलं. मागच्या सीटवर काका आडवे, डोक्यापासून पायापर्यंत शाल ओढलेली.

"सर?" पोलिसानं हाक मारली. काही नाही. "सर!" तरीही काही नाही. पोलिसाचा चेहरा बदलला, त्याचा हात खांद्यावरच्या रेडिओकडे गेला. नितीन पांढराफटक पडून माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, काका गेले का बाप्पा?"

मेलेलं माणूस या लेनमध्ये मोजतात की नाही, असलं काहीतरी भलतंच माझ्या डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. मी मागे वळून काकांचा पाय जोरात हलवला. शालीच्या आतून आवाज आला, "रेखा, उतरायचं आलं का गं? थांब, कानातलं मशीन खिशात आहे."

पोलिसानं रेडिओवरचा हात खाली घेतला आणि म्हणाला, "ओके. थ्री."

*

जागे असले की काका इतिहास सांगायचे. रोज! हर्नडनला पूर्वी रेल्वे होती, आजूबाजूला गाईंचे गोठे होते आणि गावातलं दूध त्या रेल्वेनं वॉशिंग्टनला जायचं. पुढे रूळ उखडले, त्या जागी सायकलींचा रस्ता झाला. डेपोची, म्हणजे जुन्या स्टेशनची, लाकडी इमारत तेवढी गावात राहिली. मग कित्येक वर्षं नुसत्याच गप्पा झाल्या आणि शेवटी मेट्रो आली, ती थेट हायवेच्या मधोमध.

"म्हणजे बघा," काका म्हणायचे, "या गावातून आधी दूध कामाला गेलं, मग माणसं गेली."

"काका," नितीन एकदा वैतागून म्हणाला, "दुधाला व्हिसा लागत नव्हता!"

त्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो. नंतरचे दोन महिने मात्र त्या वाक्यावर कुणाला हसू आलं नाही.

*

त्याचं असं झालं. एका मंगळवारी नितीन गाडीत बसल्या बसल्या लॅपटॉप उघडून म्हणाला, "लॉगिन होत नाहीये." मी म्हटलं, रीस्टार्ट कर. आमचं सगळ्यांचं ठरलेलं औषध!

तेवढ्यात त्याला फोन आला. आता, नितीनचा फोन माझ्या गाडीला जोडलेला असायचा, गाणी तोच लावायचा ना. त्यानं फोन उचलला आणि गाडीच्या सगळ्या स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज आला, "हाय नितीन, इज धिस अ गुड टाइम?"

"आय अ‍ॅम इन अ कार."

"आर यू ड्रायव्हिंग?"

"नो."

"ग्रेट!" बाई म्हणाली आणि चार मिनिटांत तिनं त्याची नोकरी काढून घेतली. दरवाजे, छत, माझी सीट, सगळीकडून तिचा आवाज येत होता. मी फोन तोडायला बटण शोधत होते आणि घाईत भलतंच बटण दाबून आवाज उलट वाढवला! शेवटी बाई म्हणाली, "हॅव अ सेफ राइड."

मध्येच कुठे गाडी थांबवता येत नव्हती. पुढची वीस मिनिटं आम्ही त्या ऑफिसच्याच दिशेनं जात राहिलो, कारण बाहेर पडायला वाटच नव्हती.

मागून काकांनी विचारलं, "किती दिवस?"

"साठ," नितीन म्हणाला.

नोकरी गेली की व्हिसावाल्याला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली आणि तिचा अर्ज सरकारकडे पोचला तर राहा, नाहीतर बायकापोरांसकट सामान बांधा. त्या दिवशी काकांनी डेपोचं नाव काढलं नाही.

*

मला वाटलं होतं, आता नितीन गाडीत येणार नाही. दुसऱ्या दिवशी सहा पन्नासला हजर! म्हणाला, "घरी बसलो तर बायको माझ्याकडे बघते आणि मी भिंतीकडे. त्यापेक्षा वॉशिंग्टनच्या लायब्ररीत बसून अर्ज करतो." रोज गाडीत बसताना आकडा सांगायचा. बावन्न. सत्तेचाळीस. त्रेचाळीस. मला तर तो आकडा ऐकायच्या भीतीनं सकाळी चहा जाईना.

अशाच एका सकाळी काका धीर द्यायला म्हणाले, "होईल रे काहीतरी. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळचं सांगू नका!" नितीन एकदम ओरडला. "तुम्हाला दोन वर्षांत ग्रीन कार्ड मिळालं काका! मी बारा वर्षं रांगेत उभा आहे. माझी मुलगी इथलं बोलते, इथलं खाते, आणि मी तिला सांगू काय, चल, आता घरी जाऊ? कुठलं घर?"

माझंच डोकं फिरलं होतं, पण कुणाला ओरडावं तेच समजेना! बरोबर दोघंही होते.

दुसऱ्या दिवशी काका एक जाडजूड डायरी घेऊन आले. पन्नास वर्षांतल्या ओळखी. म्हणाले, "माझं चुकलं. आता कामाला लागू." आणि मागच्या सीटवरून मोठमोठ्यानं फोन सुरू! पहिले गृहस्थ रिटायर. दुसरे फ्लोरिडाला गेलेले. तिसऱ्यांच्या बायकोनं सांगितलं, ते गेले. चौथे भेटले, अर्धा तास गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलले.

काकांनी डायरी मिटली आणि खाली मान घालून म्हणाले, "नितीन, माझी सगळी वट रिटायर झाली रे."

नितीननं मागे हात करून त्यांचा हात धरला. वॉशिंग्टन येईपर्यंत सोडला नाही.

*

अठ्ठावीस दिवस उरले होते तेव्हा शेजारच्याच गावात इंटरव्ह्यू लागला. समोरासमोर, सकाळी नऊला. आणि नेमकं त्याच सकाळी पावसानं रस्त्यावर झाड पडलं! साडेआठला आम्ही जिथे होतो तिथेच. नितीन घड्याळ बघतोय, मी हॉर्नवर हात ठेवून बसलेली. आता हॉर्ननं झाड काय उठणार आहे?

काका म्हणाले, "जुनी रेल्वे! सायकलीचा रस्ता सरळ तिथे जातो!"

घरापासून फार लांब गेलोच नव्हतो; गाडी वळवली, माझ्या गॅरेजमधून माझ्या लेकाची सायकल काढली आणि सूट घातलेला नितीन त्यावर बसून सुसाट सुटला. दोन मिनिटं उरली असताना पोचला. पाठीवर खालपासून वरपर्यंत चिखलाचा पट्टा!

इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं तो पट्टा बघितला आणि त्याचे डोळेच चमकले. तोही रोज त्याच रस्त्यानं सायकलवर यायचा. मग काय! काकांचा सगळा इतिहास नितीनच्या कामी आला. दूध, गाई, डेपो, उखडलेले रूळ. चाळीस मिनिटं गप्पा रंगल्या. निघताना त्यानं नितीनला मिठी मारली. आम्ही पेढे आणले.

नोकरी दुसऱ्याला दिली! "लव्हली कॉन्व्हर्सेशन" असं मेलमध्ये लिहिलं होतं मेल्यानं.

*

एके दिवशी मी हॉर्न द्यायच्या आत रिया खाली आली. हातात शाळेचा फॉर्म. पुढच्या वर्षी बँडमध्ये राहणार की नाही, ते भरून द्यायचं होतं.

"मावशी, बाबाला सांगू नको," ती हळूच म्हणाली. "आय हॅव टू टेल देम बाय फ्रायडे. व्हॉट डू आय राइट?"

मी आयुष्यभर फटाफट उत्तरं दिलेली बाई. तिच्या हातातला फॉर्म घेऊन दोनदा वाचला. शेवटी म्हटलं, "यस लिही. चुकलं तर मी शाळेत येऊन भांडेन." ती गेल्यावर मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. नितीन खाली आला तेव्हा सर्दीचं नाटक केलं.

*

आणि मग एकदाची नोकरी मिळाली! जवळचीच छोटीशी कंपनी. नऊ दिवस उरले होते. वकिलानं कागद भराभर तयार केले. दोन दिवस उरले असताना, दुपारी तीन वाजता, वकिलाचा फोन आला, की एका पानावर सही राहिली आहे. पेनानं केलेलीच सही हवी, आणि ती करायचा अधिकार कंपनीत एका बाईला. बाईचं नाव मार्था. आणि मार्था दहा दिवसांसाठी जर्मनीला निघाली होती!

मी त्या दिवशी घरून काम करत होते, काका माझ्याकडे चहाला आलेले. नितीन ते पान छातीशी धरून दारात उभा. "ताई, ती मेट्रोनं एअरपोर्टला चालली आहे. तिच्या असिस्टंटला मेसेज आला, आपल्या स्टेशनच्या दोन स्टेशनं मागे आहे. मग फोनच बंद पडला तिचा."

"एअरपोर्ट गाठू!" मी किल्ली उचलली.

"एअरपोर्टवर गर्दीत हरवेल," काका म्हणाले. "ट्रेनमधून कुठे जाणार आहे ती? तिची ट्रेन हर्नडनवरूनच जाते. इथेच चढायचं!"

आम्ही स्टेशनवर पोचलो, हायवेवरच्या पुलावरून धावलो. गेटला नितीननं कार्ड लावलं. गेट उघडेना. कार्ड रिकामं! माझी पर्स गाडीत. आणि खाली ट्रेनचा आवाज.

काकांचं कार्ड मात्र खिशात. ते गेटच्या पलीकडे! नितीननं पान त्यांच्या हातात कोंबलं आणि ओरडला, "काका, मार्था! मार्था विचारा!" काका सरकत्या जिन्यावरून खाली गेले. आम्ही वरून काचेतून बघत होतो. काका डब्यात शिरले. दरवाजे मिटले. ट्रेन गेली.

नितीनचा साठ दिवसांचा जीव एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात, आणि त्या माणसानं मार्थाला जन्मात पाहिलेलं नाही!

एअरपोर्टपर्यंत मी गाडी कशी चालवली, विचारू नका. नितीन एकच बोलत होता, "काकांनी कानातलं मशीन घातलंय ना ताई? घातलंय ना?"

काका स्टेशनच्या बाकावर बसले होते. मांडीवर पान, पानावर मार्थाची निळी, ठसठशीत सही. नितीन तिथेच खाली बसला आणि काकांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. कागद वेळेत पोचला, हेही सांगून टाकते. रियानं फॉर्मवर लिहिलेलं बदलावं लागलं नाही.

पण खरी गंमत परत येताना कळली. मी विचारलं, "काका, एवढ्या गर्दीत ओळखलंत कसं तिला?"

"ओळखायचं कशाला?" काका म्हणाले. "डब्याच्या मधोमध उभा राहिलो आणि इंग्लिशमध्ये मोठ्यानं सांगितलं, आमच्या हर्नडनच्या एका माणसाला परवा देश सोडावा लागणार आहे. त्याला ठेवायचं की घालवायचं, हे ज्याच्या हातात असेल त्यानं कृपा करून उभं राहावं."

"आणि ती उभी राहिली?"

"ती एकटीच कुठली गं?" काका म्हणाले. "अख्खा डबा उभा राहिला!"