नकाशा बंद ठेवून साखरपुड्याला

सैन्यातल्या शेवटच्या वर्षांत माझं काम कागदावरचं होतं. मोहीम आखताना शत्रूच्या उपग्रहांचं काय करायचं, ते शिकवण्याचं. निवृत्त होऊन पूर्णा गावी आलो, आणि मेव्हण्यानं सगळ्या सोयऱ्यांना सांगून टाकलं, "आमचे दाजी आभाळात लढाई करायचे."

मागच्या उन्हाळ्यात साडूच्या मुलीचा साखरपुडा गंगाखेडकडच्या एका गावी, मुलाच्या घरी होता. मी, बायको आणि मेव्हणा त्याच्या जीपमधून निघालो. मेव्हण्याचं बी-बियाण्यांचं दुकान, त्यामुळे बोलायची सवय दांडगी.

"दाजी, लढाई लागली की पैला उपग्रह फोडायचा ना?"

"फोडायचा नाही. त्याचे तुकडे वरच फिरत राहतात आणि आपल्याच उपग्रहांवर येऊन आदळतात. त्यापेक्षा त्याच्या सिग्नलमध्ये गोंधळ घालायचा. तोही आपलं सैन्य पुढं सरकणार तेव्हाच. आधी घातला तर शत्रू सावध होतो, उशिरा घातला तर आपली माणसं उघडी पडतात."

"म्हंजे त्याचा नकाशा बंद?"

"हो. आणि तोही आपला बंद करणार, हे धरूनच बेत आखायचा. नकाशाशिवाय चालायचा सराव ठेवायचा."

"मंग करू की सराव!" म्हणत त्यानं तिघांचेही फोन बंद करून डिकीत टाकले. बायको म्हणाली, "अहो, याला तुम्हीच शिकवलं. आता भोगा."

पुढं उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला रस्ता विचारला. तो म्हणाला, "पाण्याच्या टाकीपासून डाव्या हाताला जावा, मांडव दिसंलच."

टाकी आली, मांडवही दिसला. दारातच एका म्हाताऱ्यानं मला मिठी मारली, टॉवेल-टोपी केली, पुढच्या खुर्चीवर बसवलं. मेव्हण्याच्या हातात शिऱ्याची ताटली आली. मी तर मुलाच्या काकांशी उसाच्या भावावर मनसोक्त बोलत होतो. तेवढ्यात बायको कानाशी आली.

"नवरी आपली नाही."

"नीट बघितलंस?"

"भाचीला ओळखत नाही का मी?"

मी म्हाताऱ्यापुढं हात जोडून उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "टाकी तर हर गावाला हाय! आता जेवल्याबिगर सोडत नसतो."

जेवावंच लागलं. मग त्यानं माझा फोन नंबर घेतला आणि नीट रस्ता सांगितला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. साडू मांडवाच्या तोंडाशीच उभे. "फोन लागंना! कुठं व्हते?"

"सैन्याच्या कामात," मेव्हणा म्हणाला.

भाचीनं मात्र लाडानं आग्रह करून पुन्हा ताट वाढलं. तिला नाही कोण म्हणणार? बायकोनं अर्धा लाडू गुपचूप माझ्या ताटात सरकवला.

त्या म्हाताऱ्यानं पुढं त्याच नवऱ्या मुलाच्या, म्हणजे आपल्या नातवाच्या, लग्नाचं आवतन फोनवरून दिलं. आम्ही तिघंही गेलो, आणि त्यानं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हे आपले चुकून आलेले साहेब."