अकरा पायऱ्यांचा दवाखाना

आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खाली शिंप्याचं दुकान, त्याला लागून लाकडी जिना, अकरा पायऱ्या, आणि वर डॉक्टर. आजारी माणसानं जिना चढून यायचं, म्हणजे कमालच! लोक म्हणायचे, "डॉक्टर, खाली जागा बघा की हो." डॉक्टर म्हणायचे, "बघतो, बघतो." छत्तीस वर्षं बघतच होते.

मी तिथली कंपाउंडर. बाई आणि कंपाउंडर कशी, यावर बोलून झालं असेल तर पुढं सांगते. बाटलीत मिक्स्चर भरायचं, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कापून बाटलीला चिकटवायची, गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या आणि बाकावरच्या लोकांची भांडणं सोडवायची, ही माझी कामं. नोकरीला लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. जिन्यावर पाय वाजले. डॉक्टर आत पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, हा पाचवीवर थांबला. याला आधी आत घ्या."

आला तो एक धडधाकट पोस्टमन. "नुसता खोकला आहे, मला काही झालेलं नाही," म्हणाला.

"तुम्हाला कोण विचारतंय?" डॉक्टर म्हणाले. "मला जिन्यानं सांगितलंय."

नळी लावली आणि त्याला तडक मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. त्यानंतर तो पोस्टमन वीस वर्षं जगला आणि वीस वर्षं त्यानं माझं डोकं खाल्लं.

तेव्हा कुठं मला कळलं की डॉक्टर खाली जागा का बघत नाहीत. कोण कुठं थांबतो, कुणाचा एक पाय जड पडतो, कोण कठड्याला लोंबकळत येतो, सगळं ते भिंतीआडून ऐकायचे आणि केसपेपरच्या कोपऱ्यात आकडा टाकायचे. सात, म्हणजे सातवीवर दम लागला. पुढच्या खेपेला तोच माणूस नवव्या पायरीपर्यंत न थांबता आला, की स्वारी खूश. मला हाक मारून दाखवायचे. मलाही शिकवलं. "कितवी?" "आठवी." "चूक. आठवी करकरते, सातवी नुसती कण्हते." मी फणकारून पुड्या बांधायला निघून जायचे, पण कान जिन्याकडेच असायचा.

ही बातमी गावभर फुटली आणि मग काय विचारता! लोक शिंपीदादांच्या दुकानात बसून आधी दम खायचे आणि मग ताडताड चढून यायचे. शाळेच्या मोठ्या बाई तर एकदा चपला हातात घेऊन आल्या. डॉक्टर आतूनच मला म्हणाले, "बाई, आज शाळा अनवाणी आलीय." शेवटी डॉक्टरांनी शिंपीदादांनाच फितवलं. दुकानात कुणी दम खायला बसलं, की शिंपीदादा मापाच्या गजानं छताला ठक करायचे. वर आम्हाला बरोबर समजायचं.

दवाखाना रोज मीच उघडायचे. डॉक्टर नऊच्या ठोक्याला यायचे. माझ्या नोकरीच्या तिसाव्या वर्षी एके सकाळी बघते तर दार सताड उघडं आणि डॉक्टर खुर्चीत.

"लवकर जाग येते हो बाई. वय झालं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या किल्लीला काही कामच उरलं नाही. डॉक्टर दुपारी चहाला खाली उतरायचे, तेही बंद झालं, चहा वरच मागवायला लागले. संध्याकाळी मला आधी घरी पिटाळायचे. मला वाटलं, माझ्यावरचा भरवसा उडाला. मग मीही नाक वर करून पंधरा दिवस कामापुरतंच बोलले. त्या पंधरा दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

एकदा शिंपीदादा सहज म्हणाले, "कंपाउंडरबाई, डॉक्टर हल्ली सकाळी माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून पेपर वाचतात. वर उजेड कमी पडतो का?"

उजेड कसला, दम खायला! त्या वेळी वर मी नसायचेच, मग शिंपीदादा ठक करणार तरी कुणासाठी? डॉक्टर माझ्या कानाला चुकवत होते.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच येऊन पेशंटच्या बाकावर बसले. सातला जिना वाजला. एक, दोन, तीन, चार. थांबले. मी पदर मुठीत धरला. पाच, सहा, सात. पुन्हा थांबले. नववीवर पायांचा आवाजच बंद झाला. मी धावत बाहेर आले. डॉक्टर नवव्या पायरीवर कठड्याला डोकं टेकून बसले होते. अंगातला सदरा घामानं भिजलेला.

"काही नाही हो, जरा पेपर वाचत होतो."

"पेपर उलटा धरलाय! चौथीवर थांबलात, सातवीवर थांबलात आणि आता नववीवर बसलात. उठायचं नाही."

"बाई, मला काही झालेलं—"

"तुम्हाला कोण विचारतंय? मला जिन्यानं सांगितलंय!"

मी ओरडत होते आणि रडत होते, दोन्ही एकदमच. डॉक्टर हळूच म्हणाले, "घाबरलो होतो हो. तुम्हाला कळलं, तर माझा जिना सुटेल."

"आणि कळलं नसतं तर काय सुटलं असतं?" मी म्हटलं.

शिंपीदादांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं, मोठ्या बाईंनी गाडी आणली. आणखी आठवडा काढला असता तर हाती काही लागलं नसतं, असं हॉस्पिटलात सांगितलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर परत आले, पण जिना मात्र सुटला तो सुटलाच.

मग त्यांची डॉक्टर मुलगी, आमची ताई, शहरातलं सगळं गुंडाळून इथं आली. शिंपीदादांनी अर्धं दुकान दिलं आणि दवाखाना एकदाचा खाली आला. ताई मशीन लावून हृदयाचा कागद काढायची. डॉक्टर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि पेशंटला म्हणायचे, "जरा वर जाऊन कपाटात निळी बाटली आहे का बघा." वर कसली आलीय बाटली! माणूस हात हलवत खाली आला, की डॉक्टर पुकारायचे, "नऊ!"

"बाबा, मशीन आहे ना आपल्याकडे?" ताई वैतागायची.

"असू दे की. मशीनला पण सोबत हवी."

असे ते सात वर्षं जगले, मजेत. एका दुपारी खुर्चीतच, पेपर वाचता वाचता गेले. त्या वेळी पेपर सुलटा होता, मी पाहिला.

आता वर जुने केसपेपर ठेवलेत आणि ते काढून आणायला मी आहे. आणि आता कबूलच करते. गेले दोन महिने मी सकाळी ताईच्या आधी येऊन वरचं काम उरकून टाकते. "लवकर जाग येते गं," असं तिला सांगून ठेवलंय. तिनं मान डोलावली होती. मला वाटलं, पटलं.

काल दवाखान्याचं शटर अर्धं खाली होतं. आत कुणी असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी चढले. जरा टेकले. पुन्हा चढले. वरच्या दाराला हात लावते न लावते तोच खालून आवाज आला.

"मावशी, सहावीवर थांबलात."

"काही नाही गं, पदर अडकला होता."

"तुम्हाला कोण विचारतंय?" ताई म्हणाली. "मला जिन्यानं सांगितलंय. कठडा धरून सावकाश खाली या."

मी निमूट खाली आले. टेबलावर माझ्या नावाचा कोरा केसपेपर तयार होता आणि कोपऱ्यात सहाचा आकडा टाकलेला होता.