घराची पाळी

ग्रीसमधल्या पिंडोसच्या डोंगरातल्या त्या गावात ऑगस्टच्या जत्रेला चिनाराखाली घरोघरच्या पाळीनं नाच होतो. घराचं नाव पुकारलं की त्या घरच्यांनी उठायचं. कुणीच उठलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून ते नाव गळतं.

इव्हांथियाच्या घरात आता ती एकटीच होती, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. क्लॅरिनेटवाल्या स्टेर्गियोसला तिची दया आली. तिचं घर गाळून त्यानं थेट पुढचं नाव पुकारलं.

इव्हांथियानं टेबलावर काठी आपटली. "का रे, मी मेले का? माझ्या घराचं नाव गिळलंस ते?"

"अगं मावशी, तुझा गुडघा..."

"गुडघा माझाय ना? मग तू गप वाजव."

पुढच्या घरची उठलेली माणसं खाली बसली. इव्हांथिया काठी टेकत मधे आली. या नाचात दोघांनी एकच रुमाल दोन टोकांना धरायचा असतो; दुसरं टोक धरायला तिच्या घरचं कुणी नव्हतं. सरपंच लगबगीनं पुढे झाला.

"तू आमच्या घरचा कधी झालास? बस खाली!"

तिनं ते टोक काठीच्या मुठीला बांधलं आणि पाऊल उचललं. ती इतकी सावकाश नाचत होती, की एकेक सूर लांबवताना स्टेर्गियोसची दमछाक झाली. पण गाणं तिनं पुरं केलं.

टाळ्या पडल्या. कुणीतरी खुर्ची आणली. ती काठीनं बाजूला सारत इव्हांथिया धापा टाकत म्हणाली, "आता माझ्या भावाचं घर पुकार."

"मावशी, तो तर मेलबर्नला. त्याचं नाव कधीच गळलं."

"कुलूप त्याच्या दाराला आहे, माझ्या पायांना नाही. पुकार!"