एका थाळ्याभोवती

१ जून २०२२, बुधवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. बोर्ली पंचतनच्या डॉक्टरांनी टेबलावरची पांढरी पट्टी माझ्याकडे वळवली. तिच्यावर दोन रेषा होत्या. ‘‘युसूफचाचा, पॉझिटिव्ह आहे,’’ ते म्हणाले. आणि लगेच विचारले, ‘‘चाचींजवळ शेवटचे कधी बसला होतात?’’

माझी प्रकृती त्यांनी नंतर विचारली. क्रम योग्यच होता.

अलिबागच्या न्यायालयात मी अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तारीख आणि वेळ नोंदवल्याशिवाय कोणतेही विधान करण्याची सवय मला नाही. हे विधान मी अशा घरांसाठी करीत आहे, ज्या घरांत अवयव प्रत्यारोपण झालेले माणूस आहे. साथ संपली असे सर्व जण म्हणू लागतात, तेव्हा ती त्या घरांपुरती संपलेली नसते.

माझी पत्नी नफीसा हिच्या शरीरात काही वर्षांपूर्वी दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे. ते मूत्रपिंड माझे होते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून तिला दररोज इम्युनोसप्रेसंट गोळ्या घ्याव्या लागतात. इम्युनोसप्रेसंट म्हणजे रोगप्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारे औषध. मूत्रपिंड टिकते, पण घराचे दार जणू कडीशिवाय राहते. साधी सर्दीही आत शिरली तर मुक्काम करते.

साथीच्या दोन वर्षांत मी ते दार स्वतः राखले. गावात कोणी मला खडूस म्हटले, कोणी आणखी काही. नफीसाला काही झाले नाही.

मग मे महिन्यात मुलगा इम्तियाज मस्कतहून रजेवर आला. त्याची पत्नी समीना आणि नऊ वर्षांची मुलगी झोया आमच्याकडेच राहतात. खोपोलीकडच्या मोठ्या मनोरंजन उद्यानात नेण्याचे वचन त्याने मुलीला फोनवर किती वेळा दिले होते, ते त्यालाच ठाऊक. नफीसाने जायचे नाही, हे मी ठरवले. मीही जाणार नव्हतो. झोया रुसली. आमच्यात आजोबांना दादा म्हणतात. ‘‘दादा नाय तर मी पण नाय,’’ असे म्हणून ती झोपाळ्यावर पाठ फिरवून बसली.

नफीसा म्हणाली, ‘‘जा तुम्ही. दिवसभर घरात बसून माझ्यावर पहारा करता, मला एक दिवस सुटी मिळू दे.’’

मी गेलो.

२९ मे, रविवार. पहाटेची नमाज झाल्यावर निघालो. म्हसळा, माणगाव, कोलाड करीत खोपोलीच्या बाजूला पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. गाडी भाड्याची होती, इम्तियाज ती चालवत होता. मागच्या भागात समोरासमोर बसण्याची सोय असलेली. समीनाला गाडी लागते, म्हणून ती पुढे, उघड्या खिडकीशी बसली. शिवाय त्या दिवशी तिचा रोजा होता. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात सहा रोजे ठेवण्याची प्रथा आहे. महिना संपत आला होता आणि तिचे दोन बाकी होते.

‘‘फिरायला जायच्या दिवशीच सुचले का हे?’’ मी तिला विचारले होते.

‘‘अब्बा, उद्याचं कुणी बघितलंय?’’ ती म्हणाली. मला तो हट्ट वाटला होता.

उद्यानात मी एकटाच मास्क लावून होतो. सक्ती उठली होती. इम्तियाज म्हणाला, ‘‘अब्बा, तिकीटवाल्याला वाटेल दरोडा घालायला आलेत.’’ मी मास्क काढला नाही. रांगेत अंतर ठेवले. पाळण्यात बसलो नाही. प्रत्येक कठड्याला हात लागल्यावर सॅनिटायझर लावले. झोयालाही लावायला लावले. माझ्या मते शिस्तीत उणीव नव्हती.

उणीव दुपारी झाली. बाहेरचे अन्न आत नेता येत नव्हते आणि आतले अन्न नफीसाच्या मते माणसांसाठी नव्हते. तिने मटणाचा पुलाव सोबत दिला होता. त्यासोबत कलई केलेला मोठा तांब्याचा थाळाही दिला होता. आमच्याकडे एका थाळ्याभोवती बसून, एकाच थाळ्यातून जेवतात. वेगळ्या ताटात जेवणारा माणूस एकतर परका असतो किंवा रागावलेला. तेव्हा आम्ही वाहनतळावर गाडीतच बसलो. ऊन असह्य होते. काचा लावल्या, एसी लावला, दोन बाकांच्या मध्ये थाळा ठेवला. मी मास्क काढला. इम्तियाज, झोया आणि मी, तिघांची डोकी थाळ्यावर जवळजवळ एकमेकांना टेकली होती. बोलणे, हसणे, हाडासाठी भांडणे, सर्व झाले. कोणीतरी खोकलेही. पहिला खोकला कोणाचा होता हे मला ठाऊक आहे. मी ते लिहिणार नाही.

समीना बाहेर झाडाखाली सर्वांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसली होती.

घरी पोहोचेपर्यंत रात्रीच्या नमाजेची वेळ झाली. समीनाने वाटेत गाडीतच खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला होता. घाटातल्या वळणांनी तेही पोटात टिकले नाही. ती आल्याबरोबर ओटीवरच्या खाटेवर आडवी झाली. नफीसाने पापलेटचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. तोच थाळा पुन्हा मांडला गेला. नफीसा झोयाला जवळ घेऊन बसली आणि दिवसभराच्या हकिकती ऐकत तिला भरवत राहिली. थाळा पुसून रिकामा झाला. समीनासाठी काही उरले नाही. कोणी विचारलेही नाही.

डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

मी त्यांना थाळ्याविषयी सांगितले. ते म्हणाले, ‘‘थाळ्याला दोष देऊ नका, चाचा. हा आजार मुख्यतः श्वासातून जातो. बंद काचा, चालू एसी आणि तोंडासमोर तोंड. थाळा अंगणात मांडला असता, जरा लांब बसला असता, तर धोका कितीतरी कमी होता.’’ हे वाक्य माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवावे. मी कठडे पुसत राहिलो आणि हवेचा विचार केला नाही.

इम्तियाज आणि झोया पॉझिटिव्ह आले. समीना आणि नफीसा निगेटिव्ह. परंतु डॉक्टरांनी बजावले की आजची निगेटिव्ह चाचणी उद्याची हमी देत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात; तोवर चाचणीतही तो सापडेलच असे नाही. त्या काळाला इन्क्युबेशन पीरियड म्हणतात. म्हणजे वाट पाहणे.

नफीसाला माडीवर पाठवले. आम्ही तिघे खाली, तीन खोल्यांत. मला ताप आणि घसादुखी होती, एवढेच. माझेही मूत्रपिंड एकच असल्याने डॉक्टरांनी भरपूर पाणी पिण्यास आणि वेदनाशामक गोळ्या मनाने न घेण्यास सांगितले. हेही लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण हलीमाआपा शोरब्याचे पातेले घेऊन फाटकाशी आली. आजाऱ्याला भेटायला जाणे आमच्यात कर्तव्य मानले जाते. न जाणाऱ्याला लोक नावे ठेवतात. दार न उघडणाऱ्याला काय ठेवतात, ते मला त्या दिवशी कळले.

‘‘युसूफ, कडी काढ!’’

‘‘आपा, काढणार नाही. पातेले भिंतीवर ठेवा.’’

‘‘भिंतीवर? मी काय कावळ्याला घास ठेवायला आलेय? सख्खी बहीण हाय मी तुझी!’’

‘‘म्हणूनच काढत नाही.’’

‘‘कोर्टात नोकरी करून माणूस नाय राहिलास तू, शिपाई झालास!’’

वरून खिडकीतून नफीसाचा आवाज आला. ‘‘आपा, त्यांच्याशी कशाला डोकं लावता? इकडे वर बघा. मी इथं हाय.’’

आपाने वर पाहिले. मग रस्त्यापलीकडच्या फणसाखालच्या दगडावर ती बसली, पातेले मांडीवर घेतले आणि तासभर मान वर करून गप्पा मारल्या. संध्याकाळी आणखी चार बायका त्याच दगडाभोवती होत्या. भेट झाली, कर्तव्यही झाले, फाटक उघडले नाही. ही सोय मला सुचली नव्हती.

शुक्रवारी दुपारी नफीसाला थंडी वाजली. ताप शंभर. दुसरी चाचणी पॉझिटिव्ह.

पनवेलच्या ज्या नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञांकडे, तिचे उपचार चालतात, त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, ‘‘आजच आणा. ऑक्सिजन खाली जायची वाट बघू नका. आणि कोणतीही गोळी स्वतः बंद करू नका. काय बंद करायचे ते मी ठरवीन.’’

प्रश्न होता, सोबत कोण जाणार. मी आणि इम्तियाज आजारी. आपाचे वय पंच्याहत्तर. मी फोन हातात धरून उभा होतो. तोवर समीनाने जिन्याखाली पिशवी आणून ठेवली होती. आत नफीसाच्या गोळ्या, जुने रिपोर्ट, पांघरूण, नमाजेसाठी अंथरायचे जानमाज.

‘‘समीना, तुलाही होऊ शकते,’’ मी म्हटले.

‘‘व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं, अब्बा. तुम्ही झोयाला वेळेवर जेवायला घाला. ती कारलं खात नाय, तिला फसवू नका.’’

रुग्णवाहिका वळणावर दिसेनाशी झाली. मी आत येऊन वाफ घेतली.

पुढचे दिवस फोनचे होते. नफीसाला विषाणूरोधक इंजेक्शन सुरू झाले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी तात्पुरती थांबवली, कारण शरीराला विषाणूशी लढू द्यायचे होते. मात्र फार काळ थांबवली तर शरीर मूत्रपिंडाशीच लढू लागते. मधला मार्ग अरुंद होता. त्याचे मोजमाप क्रिएटिनिनने होते. क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर तो वाढतो. तिचा नेहमी एक पूर्णांक एकच्या आसपास असे. रविवारी एक पूर्णांक नऊ झाला. त्याच दिवशी नाकाला ऑक्सिजनची नळी लागली.

त्या दिवशी डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘‘मूत्रपिंडाला त्रास होतोय. अजून हातातून गेलेले नाही.’’

मी आभार मानले आणि फोन ठेवला. आपल्याच शरीराचा भाग इतक्या दूर पनवेलला आजारी असतो आणि आपल्याला काही दुखत नाही, हे मला विचित्र वाटले.

झोया दाराच्या फटीतून म्हणाली, ‘‘दादा, दादीला माझ्यामुळे झालं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कुणामुळे?’’

‘‘गाडीच्या काचा लावा, असे मी म्हणालो होतो. खिडकीशी जाऊन बस. हवा घे.’’

सोमवारी समीनाचा फोन आला. ‘‘अब्बा, अम्मी जेवत नाय. म्हणतात, एकटीने घास उतरत नाय. व्हिडिओ लावते, तुम्ही ताट घेऊन बसा.’’

फोन भिंतीला टेकवून मी आयुष्यात प्रथमच त्याच्यासमोर जेवायला बसलो. नळी लावलेली नफीसा पडद्यावर दिसली. खूप वाळली होती.

‘‘मासा कुणी केला?’’ तिने विचारले.

‘‘इम्तियाजने.’’

‘‘करपलाय.’’

‘‘तुला वास येत नाही, असे समीना म्हणाली.’’

‘‘डोळे हायत ना? काळा कुळकुळीत दिसतोय. मुकाट खाता कसे तुम्ही?’’ आणि तिने मऊ भाताचा एक घास घेतला. पडद्याच्या कडेला मास्क लावलेली समीना दिसत होती. तिच्यासमोर ताट नव्हते. उघड्या खिडकीशी उभी राहून ती सासूचे घास मोजत होती.

क्रिएटिनिन एक पूर्णांक सहावर आला, मग एक पूर्णांक तीनवर. ऑक्सिजनची नळी निघाली. थांबवलेली गोळी पुन्हा सुरू झाली. समीनाची चाचणी दोनदा निगेटिव्ह आली. डॉक्टरांना मी कारण विचारले. ‘‘नेमके सांगता येत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘एखादे माणूस सुटते.’’ मी त्यांना रोजा, पुढची सीट आणि रिकाम्या थाळ्याची हकिकत सांगितली नाही. तो माझा आणि घराचा विषय होता.

१२ जून, रविवार. आम्ही तिघेही तोवर बरे झालो होतो. सायंकाळी गाडी फाटकाशी थांबली. नफीसा स्वतः उतरली. फणसाखालच्या दगडावरून आपा ओरडली, ‘‘आली ग बाय माझी! युसूफ, आता तरी कडी काढ!’’ मी कडी काढली. मात्र आपा अंगणातच बसली. कोणी सांगितले नव्हते.

समीना आत गेली आणि पिशवी खांद्यावरून न उतरवता खाटेवर बसली. काही वेळाने पाहिले, तेव्हा ती तशीच झोपली होती. हाताला सॅनिटायझरने भेगा पडल्या होत्या. नफीसा तिला उठवू लागली. मी नको म्हटले.

नफीसाला थाळा हवा होता. वेगळ्या ताटात आता एक दिवसही जेवणार नाही, असे तिने जाहीर केले. मी थाळा घरात मांडू दिला नाही. अंगणात चटई टाकली, वारा समुद्राकडून येत होता, आणि तिची बाजू इतरांपासून हातभर दूर ठेवली. तिने त्यावर टोमणा मारला. मी तो ऐकून घेतला. आपण ज्यांना जपतो त्यांच्याशी कसे बसावे, हे मला या वयात नव्याने शिकावे लागले. बसणे सोडायचे नसते, एवढे मात्र नक्की.

आपाने कालवण थाळ्यात ओतले. झोयाने हात पुढे केला. मी तिला थांबवले. कोणाचाही हात पडण्यापूर्वी पापलेटच्या मधल्या दोन तुकड्या, दोन भाकऱ्या आणि वाटीभर कालवण वेगळे काढले. ते स्वयंपाकघरात समीनाच्या नावाने ठेवले. वर झाकण घातले. घरात मांजर येते, म्हणून झाकणावर खलबत्ता ठेवला.