घोड्याचा कान

शहाद्याच्या एसटी स्टँडला लागून माझं चित्रकथांचं दुकान सतरा वर्षं चाललं. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. आत चार दोऱ्या आडव्या बांधलेल्या, आणि त्यांवर मधोमध उघडून, धोतरं वाळत टाकावीत तशी टाकलेली पुस्तकं. समोर लांब बाक. गाडी येईपर्यंत बाकावर बसून वाचायचं किंवा पुस्तक घरी न्यायचं आणि पुढच्या बाजाराला परत आणायचं. पुस्तकं मराठी, हिंदी, गुजराती, जी मिळतील ती. धुळ्याहून गाडीच्या टपावर गठ्ठा येई. त्यात एखाद्या गोष्टीचा तिसरा भाग आधी आणि दुसरा नंतर, असं नेहमीच होई. फाटलेलं पुस्तक मी सुई-दोऱ्यानं शिवायचो. कापसाच्या हंगामात पानांना कापूस चिकटून येई. केळीच्या बागेतून आलेल्या पुस्तकावर चिकाचे तपकिरी डाग असत. धुऊन न जाणारे.

मी सातवी पास होतो आणि त्याचा मला गर्व होता. हे आधीच सांगितलेलं बरं.

सातपुड्यातले एक पावरा आदिवासी गृहस्थ दर बाजाराला यायचे. डोक्याला फेटा, खांद्यावर चारोळीची पिशवी. माल विकून झाला की डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या गाडीची वाट पाहत माझ्या बाकावर बसायचे. मी त्यांना बाबा म्हणायचो, ते मला शेट म्हणायचे. माझ्याशी ते मोडक्या अहिराणीत बोलत. त्यांना अक्षर येत नव्हतं. तरी एका पुस्तकाला त्यांना तास लागायचा. एक चित्र संपवून ते दुसऱ्यावर जायचे तेव्हा बोटानं वाट विचारल्यासारखं करायचे.

एकदा त्यांनी पुस्तक घरी मागितलं. मी विचारलं, "बाबा, घर कोन वाचस?"

"वाचाले कसाले?" ते म्हणाले. "गावले दखाडना शे."

तेव्हापासून गावाला दाखवायला दर बाजाराला एक पुस्तक डोंगरात जाऊ लागलं. ते परत येई तेव्हा त्याला धुराचा वास असे, पण पान एकही दुमडलेलं नसे.

पुढे एका बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर गावचे तिघे जण होते. गाडीला उशीर होता. त्यांनी बाबांना राजा, मंत्री आणि घोड्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. बाबांनी पुस्तक मांडीवर उघडलं. त्यांची पावरी बोली मला अर्धीमुर्धीच कळत होती, पण हातातली सुई तशीच धरून मी ऐकत राहिलो. ती गोष्ट मी कित्येकदा वाचली होती, पण बाबा सांगत होते ती मी वाचलेली नव्हतीच. त्यांच्या गोष्टीत घोडा मुख्य होता. राजा म्हणजे घोड्यानं वाहून न्यायचं ओझं. दुसऱ्या पानावरचं एक वाकडं झाड सहाव्या पानावर पुन्हा आलं होतं. ते दाखवून बाबा म्हणाले की ही माणसं वाट चुकून फिरून तिथंच आली आहेत. मी ते झाड कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं मी ही पुस्तकं भाड्यानं देत होतो, आणि ती उघडतात कशी हे मला आज दिसत होतं.

शेवटच्या चित्रात घोडा कड्याखाली पडलेला होता. बाबा म्हणाले, घोडा झोपला आहे, उठेल.

बाकाच्या टोकाला हायस्कूलचे एक गुरुजी बसले होते. ते हसले. "दुकानदार, तुमच्याकडे गोष्टी बदलूनही मिळतात वाटतं."

मला लाज वाटली. बाबांची नव्हे, माझीच. माझ्या दुकानात चुकीचं वाचलं जातंय याची. मी पुढे झालो, चित्रातल्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, 'महाराज, घोडा मेला.' मग अहिराणीत सांगितलं, "बाबा, घोडा मरी गया. आठे लिखेल शे."

बाबांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिखेल शे ते खरं व्हई," ते म्हणाले. फेट्याच्या टोकानं पुस्तक पुसलं आणि दोरीवर टाकलं. तिघे त्यांच्याकडे बघत राहिले. गुरुजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मला ते आवडलं.

पुढच्या बाजाराला बाबा स्टँडच्या पलीकडे, निंबाखाली बसले. पुस्तक मागायला आले नाहीत.

महिन्याभरानं गठ्ठ्यात त्या गोष्टीचा दुसरा भाग आला. पहिल्याच पानावर घोडा उभा होता. मी घाईनं पहिला भाग काढला आणि शेवटचं चित्र उजेडात धरलं. पडलेल्या घोड्याचा एक कान ताठ होता. दोनच रेघा, पण ताठ. आणि 'घोडा मेला' हे शब्द होते मंत्र्याच्या तोंडचे, त्याच मंत्र्याच्या, जो पहिल्या पानापासून खोटं बोलत आला होता. मी अक्षरं वाचली होती. ती कोण बोलतंय हे पाहिलं नव्हतं.

यानंतर मी जे केलं ते सांगणं मला आजही जड जातं. तो भाग मी बसायच्या गादीखाली ठेवला. लोक विचारत, "पुढला भाग उना का?" मी म्हणे, "नही उना." असे तीन बाजार गेले. दिवसभर मी त्या घोड्यावर बसून असायचो.

चौथ्या बाजाराला मी पाणी भरायला निंबाकडे गेलो. मला पाहून त्या तिघांतला एक जण बाबांना अहिराणीत म्हणाला, "काय बाबा, तुन्हा मरेल घोडा कसा शे? चारा खास का?" बाकीचे हसले. बाबाही हसले आणि चारोळीची पिशवी झटकायला लागले. ती रिकामीच होती. मी विचारलं, आता गावात गोष्ट सांगता की नाही? उत्तर त्या माणसानंच दिलं, "कोन ऐकस? त्याले वाचता येस नही."

मी दुकानात परत आलो, गादी उचलली आणि दोन्ही भाग घेऊन गेलो. सगळ्यांसमोर दुसऱ्या भागाचं पहिलं पान उघडलं. "घोडा जित्ता शे," मी म्हणालो. "बाबांनी बराबर वाचं व्हतं. मी चुकनू. आनि हाई पुस्तक मी तीन बाजार दपाडी ठेवं." मग पहिल्या भागातला कान दाखवला.

तो चेष्टा करणारा वाकून बराच वेळ पाहत राहिला. "मंग शेट," तो म्हणाला, "तू शाळामा काय शिकना रे?"

बाबांनी कानाकडे पाहिलंही नाही. तो त्यांनी पाहिलेलाच होता. त्यांनी दुसरा भाग मांडीवर घेतला, पहिलं चित्र सावकाश संपवलं, दुसऱ्यावर आले आणि थांबले. तिथं मंत्री होता, त्याच्या तोंडापाशी अक्षरं होती. त्यांनी त्यांवर बोट ठेवलं.

"शेट, हाऊ काय म्हनस?"

मी वाचून सांगितलं. बाबांनी मंत्र्याचा चेहरा निरखला, मग त्याचा पाठीमागे नेलेला हात.

"खोटं बोली ऱ्हायना," ते म्हणाले, आणि ते तिघे पुढं सरकले.