मागची खोली

मालवणातल्या त्या तक्रारीची स्टेशन डायरीतली नोंद जेमतेम दहा ओळींची असेल. पण निवृत्तीनंतरही ती मला जशीच्या तशी आठवते.

सकाळी हजेरी आटोपत होती, तेव्हा एक रिक्षावाला ठाण्यात आला. "साहेब, शेजारच्या काकी पर्यटकांना खोल्या देतात. त्यांच्याकडचा एक म्हातारा पंधरा दिवस खिडकीतून माझ्या मुलीकडे बघत बसलाय." मुलगी सात वर्षांची. मी लगेच निघालो.

काकी विधवा. मुलं मुंबईला, म्हणून घरातल्या दोन खोल्या त्या भाड्याने देत. पाहुण्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स त्यांनी ठेवली होती, ठाण्यात मात्र कळवलं नव्हतं. मी झेरॉक्स पाहिली. तळेऱ्याजवळच्या एका गावचा शेतकरी, वय सत्तरच्या पुढे.

"मी तेंका म्हटलंय, दर्याकडची खोली रिकामी आसा," काकी म्हणाल्या. "तर म्हणाले, माका मागलीच होयी. येकदाव किल्लो बघूक गेले नाय."

हे मला चमत्कारिक वाटलं. मालवणात येऊन समुद्र नको म्हणणारा पाहुणा मी पाहिला नव्हता. मागच्या खोलीत जाऊन मी त्याच्याच खुर्चीत बसलो. समोर फक्त रिक्षावाल्याचं अंगण, कपड्यांची दोरी आणि शाळेला निघालेली मुलगी.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. नाव, गाव नीट सांगितलं. खिडकीत का बसता, म्हटल्यावर गप्प. मी आवाज चढवला, लहान मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची कलमं ऐकवली. तरी त्याने तोंड उघडलं नाही. शेवटी मी कागद घेऊन बाहेर आलो आणि बाकावर बसलेल्या रिक्षावाल्याचा जबाब घेऊ लागलो. कुटुंबाची माहिती लिहिताना सहज विचारलं, "बायकोचं माहेर कुठलं?"

"तळेऱ्याजवळ. पण संबंध नाहीत, साहेब. आमचं लग्न त्यांना मान्य नव्हतं. मी तिच्या वडिलांना कधी पाहिलंही नाही."

त्याने गावाचं नाव सांगितलं. तेच गाव झेरॉक्सवर होतं.

मी आत गेलो आणि म्हाताऱ्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. "ती मुलगी तुमची कोण?"

"नात," तो म्हणाला. "तिचा नावसुद्धा माका म्हायत नव्हता. आवशीन अंगणात हाक मारल्यान, तेव्हा कळला."

त्याची लेक, म्हणजे रिक्षावाल्याची बायको, कुडाळला नोकरीला जाई. ती घरी असली की तो पडदा ओढून घेई आणि आवाज ऐकत बसे. आम्ही तिला बोलावून घेतलं. दारातच ती थबकली. बापाने मान वर केली नाही. ती रडली नाही की जवळही गेली नाही. नवऱ्याला म्हणाली, "तक्रार मागे घे." मग बापाकडे वळली.

"चेडू दुपारी शाळेतसून येता. तेव्हा घराकडे येवा. खिडकीतसून बघू नकात."

तो गेला की नाही, याची मी मुद्दाम चौकशी केली. गेला होता. काकींना मात्र मी पाहुण्यांची माहिती न कळवल्याबद्दल समज दिली. ते माझं कामच होतं.

गप्प राहणारा माणूस काहीतरी लपवतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते खरंच आहे. पण तो गुन्हाच लपवत असेल असं नाही, कधी कधी नुसती लाज लपवतो. हे कळायला माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली, आणि कळलं तेव्हा मी एका आजोबांवर कलमं लावायला बसलो होतो.