शेवटचे तीन ठिपके

फ्रौके डोर्नबोसने आमच्या रोल्डरव्हीनच्या वेधशाळेत एकोणतीस वर्षे आलेख काढले. दुर्बिणीला तिने कधी डोळा लावला नाही. रेडिओ दुर्बिणीला डोळा लावताच येत नाही, हे ती पाहुण्यांना मुद्दाम ऐकवी. शास्त्रज्ञ आकडे आणून देत, ती ठिपके मांडी आणि लाकडी वक्रपट्टीने त्यांतून शाईची रेघ ओढी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘फ्रौ. डो.’. ती अक्षरे दिसली की संचालक आलेख न तपासता छापायला पाठवत. मी शेजारच्या टेबलावर ग्रंथालयाच्या नोंदी करी. मला तिच्या या मानाचा हेवा वाटे, खोटे कशाला बोलू?

१९७७च्या मार्चमध्ये, तिच्या निवृत्तीला दोन महिने असताना, ड्यूर्ट हेकमन नावाच्या तरुण संशोधकाने एका दीर्घिकेचे आकडे आणले. केंद्रापासून किती अंतरावरचा वायू किती वेगाने फिरतो, एवढेच त्यात होते. दुपारी तयार आलेख पाहून तो घुटमळला.

“बाई, शेवटचे तीन ठिपके रेघेच्या वर राहिलेत.”

“राहणारच. टोकाचे ठिपके जात्याच वाह्यात. सूर्यापासून लांबचे ग्रह नाही का हळू फिरत? तशी रेघ खाली यायलाच हवी.”

“पण ही मोजणी पक्की आहे. वेग खाली येतच नाही.”

“अहो डॉक्टर, वीस वर्षं मी या टोकांना ताळ्यावर आणतेय. कुणी हूं की चूं केलं नाही!”

बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला.

आमच्याकडे लोक कागद फेकत नाहीत. तिच्या खणात आकड्यांचा प्रत्येक कागद होता. तीन आठवडे तिने सगळे पुन्हा मांडून पाहिले. दहाच्या कॉफीबरोबरचे बिस्किट बशीत तसेच राही. दीर्घिकांच्या त्रेसष्ट आलेखांपैकी सतरांत तिच्या पट्टीने रेघ खाली ओढली होती, आणि वर उरलेले पेन्सिलीचे ठिपके तिने शाई न लावता खोडून टाकले होते.

तिने त्या सतरांची यादी संचालकांकडे पाठवली, तेव्हा ते तिच्या टेबलापाशी आले. “फ्रौके, झाकली मूठ सव्वा लाखाची. जुनी मोजणी कच्चीच होती, तिच्यावरून काही सिद्ध झालं नसतं. जाता जाता नावाला बट्टा कशाला?”

“तो लागलाय. मी नुसता दाखवतेय.”

ते गेल्यावर मीही तेच म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ड्यूर्टला मात्र तिने विचारले, “मग खरं काय आहे तिथे?”

“एक तर न दिसणारं, भरपूर वजनाचं काहीतरी. नाहीतर इतक्या लांब गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा.”

“दोन्हीतलं कोणतं?”

“माहीत नाही, बाई.”

“मग मला रेघ ओढायला लावू नका. नुसते ठिपके छापा.”

त्याने तसेच छापले.

निवृत्त होणाऱ्याचे सर्वांत सुबक काम चौकटीत घालून आमच्या व्हरांड्यात लावतात. तिचा १९६१चा आलेख निवडला होता. तोही सतरांपैकीच. चौकट बसवण्याआधी तिने तो मागून घेतला, खोडलेले तीन ठिपके लाल शाईने जागच्या जागी मांडले आणि खाली लिहिले: ‘रेघ माझी, चूक माझी. फ्रौ. डो.’

समारंभाला केक होता, भाषण होते. चौकटीवरचे कापड काढले तेव्हा लोक वाकून खालची ओळ वाचू लागले. ड्यूर्टने टाळ्या वाजवल्या, मग आम्हीही.

टाळ्या थांबल्यावर संचालक पुढे झाले. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बोटाने एकेक ठिपका मोजत तिचा आलेख तपासला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच. ती बघत होती.